अंबडच्या स्टोअरमधला अलोहा

काशिनाथराव पगारे यांची आणि माझी ओळख अंबडच्या कारखान्यात, स्टोअरच्या खिडकीपाशी झाली. मी नवा कारकून, ते स्टोअरकीपर. मी कार्बन पेपर मागितला. त्यांनी आधी 'अलोहा काकाहिआका' म्हटलं, मग कार्बन दिला. हवाई बेटांवर सकाळी भेटल्यावर असं म्हणतात, हेही सांगितलं. आमच्याकडे सकाळी कोण कोणाला काय म्हणे, ते या गौरवग्रंथात छापण्याजोगं नाही.

हे शब्द पत्रमैत्रीतून आलेले. त्या काळी मासिकांत पत्ते छापून येत. लोक जर्मनीतल्या तरुणी निवडत. पगारेसाहेबांनी हवाईतल्या निवृत्त शिक्षिका लेइलानीबाई निवडल्या. लेइलानीबाईंना लहानपणी शाळेत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल छड्या बसल्या होत्या. आता नातवंडंही ती बोलत नव्हती. शाळेत पाणी मागितल्याची शिक्षा पगारेसाहेबांच्या वडिलांना ठाऊक होती. त्यामुळे त्यांना जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

बाई पत्रांतून जे शिकवत, ते घेऊन रविवारी दुपारी पगारेसाहेबांच्या घरी आमचा हवाईयनचा वर्ग भरे. वाऱ्याने पडदा फुगायचा, आठवडाभर लोखंड कापलेली माणसं डोळे मिटून 'पेहेआ ओए', म्हणजे कसे आहात, असं एकमेकांना विचारायची, आणि त्या दहा बाय बाराच्या खोलीत कुठूनसा समुद्र यायचा. पुष्कळांनी तो कधी पाहिलाही नव्हता.

मग एक पत्र परक्या अक्षरात आलं. बाईंची दृष्टी गेली होती. आता पत्रं पाठवू नका, वाचून दाखवणाऱ्याला माझी भाषा येत नाही, असा मजकूर होता. तिसऱ्या दिवशी पगारेसाहेब कोणाचा तरी टेपरेकॉर्डर घेऊन आले.

आम्ही एकेक जण शुद्ध हवाईयनमध्ये बोललो. शेवटी पगारेवहिनी चहा घेऊन आल्या. त्या सटाण्याकडच्या, बोलणं अहिराणी. बाई एकट्या राहतात, एवढंच त्यांना माहीत. यंत्रापाशी वाकून त्या म्हणाल्या, "एकलीच काय बठनी? ये वं बहीन, भाकर खाई ले."

सगळी कॅसेट बिघडली, ते पुसा, असा आग्रह मीच धरला.

पगारेसाहेब शांतपणे म्हणाले, "माणसाला जेवायला बोलावलं राव. ते पुसायचं कसं?"

कॅसेट तशीच गेली. चार महिन्यांनी उत्तरादाखल दुसरी आली. लेइलानीबाईंचा आवाज थरथरत होता. तुमचे उच्चार गोड आहेत, म्हणाल्या. पण शेवटच्या बाईंचं बोलणं आपण रोज ऐकतो. शब्द कळत नाहीत. आपली आजी रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही अशाच सुरात हाक मारायची: 'हेले माइ ए आइ', या, जेवा. घरात कित्येक वर्षांत ती हाक ऐकली नव्हती. आणि मग टेपवर एका लहान मुलीने, अडखळत, तीच हाक मारली. ती बाईंची पणती होती.

वहिनी पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. पगारेसाहेबांनी टेप मागे फिरवून पुन्हा लावली.

आज ते साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना निरोगी शंभरी लाभो, हे आम्हा सर्वांचं मागणं आहे. जगात एकट्याने जेवणारी माणसं फार. त्यांना हाका मारायच्या तर आणखी चाळीस वर्षं लागणारच.