गुनवोरचे प्रिंटर आणि वर्षाचा पहिला आठवडा

गुनवोर श्योदिनला कुणी विचारलं की बाई, तू बेकरीत काय करतेस, तर ती म्हणायची, "लेबलं चिकटवते." हा नम्रपणा नव्हे हं, शुद्ध खवचटपणा. स्टोरसेले गावातल्या त्या बेकरीतून जवाच्या पातळ भाकरीचं एकही खोकं तिच्या खोलीतल्या लेबलाशिवाय बाहेर पडत नसे, आणि हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

एकोणिसाव्या वर्षी ती कणीक मळायला लागली होती. प्रिंटर नशिबी आला तो चौऱ्याण्णव साली. मोठं खोकं, आत करड्या रंगाचं यंत्र आणि जर्मन भाषेतलं जाडजूड पुस्तक. तेव्हाच्या मालकाने कॉफीच्या सुट्टीत विचारलं, "हे कोण सांभाळणार?" सगळ्यांनी एकदम आपापल्या कपात बघायला सुरुवात केली. गुनवोरला असल्या शांततेचा भारी राग. म्हणाली, "द्या इकडे, माणूसच बनवतो ना असली यंत्रं?" तीन संध्याकाळी ती शब्दकोश घेऊन त्या पुस्तकाशी भांडत बसली. नवऱ्याने, आसारने, तीन दिवस स्वयंपाक केला आणि तिन्ही दिवस बटाटे करपवले.

त्यानंतर बावीस वर्षं, आणि पुढे त्याच जातीचे आणखी प्रिंटर. शाईची फीत उलटी लागली की लेबल कोरं निघतं. दोन लेबलांमधली फट शोधणारा यंत्राचा डोळा कागदाच्या धुळीने आंधळा होतो, मग छपाई सरकत सरकत पुढच्या लेबलावर जाते. गारठ्यातून आणलेला प्रिंटर तासभर नुसता ठेवायचा, लगेच चालू केला तर आत दव धरतं आणि छपाईचं डोकं, म्हणजे लेबलावर छाप उमटवणारी पट्टी, जळतं. आणि दर शुक्रवारी, कॉफीच्या आधी, ते डोकं स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. आधी डोकं, मग कॉफी. बेकरी चालू असताना यात बदल फक्त एकदाच झाला होता, तिची आई गेली त्या शुक्रवारी, आणि तेव्हाही तिने शनिवारी येऊन पुसलं होतं.

मग ऑक्टोबरात, त्रेचाळिसाव्या आठवड्यात, पोंतुस आला. स्टॉकहोमहून, पातळ तळव्यांचे बूट घालून. नवा मालक सिक्स्टेन, जुन्या मालकाचा मुलगा, याने एका मोठ्या दुकानसाखळीशी नवा करार केला होता. त्या साखळीच्या गोदामात माणूस माल मोजत नाही, फाटकावर स्कॅनर लेबल वाचतो आणि पडदा हिरवा किंवा लाल होतो. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर हवं, म्हणून पोंतुस. त्याने ते संगणकात घातलं, प्रिंटर जोडले, चार लेबलं काढून पाहिली आणि सेटिंगच्या पानाला पासवर्ड लावून टाकला.

"इथे आता तुला हात लावायची गरज नाही," तो गुनवोरला म्हणाला. "आपोआप चालतं सगळं. आणि हे प्रिंटर म्हणजे, राग मानू नकोस, पण पुराणवस्तू आहेत."

"राग नाही मानत," गुनवोर म्हणाली. "पुराणवस्तूच आहेत. मीही आहे. आम्ही सगळेच अजून चालतो."

कानामागून आली आणि तिखट झाली, तसं झालं ते. पण खरं सांगायचं तर ऑक्टोबरपासून नाताळपर्यंत पोंतुसच्या सॉफ्टवेअरने एकही चूक केली नाही. गुनवोर रोज वाट बघत होती, तिला लाज वाटली तरी बघत होती, पण नाही.

नाताळाच्या सुट्टीनंतर बेकरी उघडली ती सोमवारी, चार जानेवारीला. नव्या कराराचा पहिला माल त्याच दिवशी जायचा होता. सणाआधी भाजून ठेवलेल्या भाकऱ्या पहाटे पाचपासून खोक्यांत भरल्या, खोकी लाकडी चौकटींवर रचून बारा पॅलेट केले, प्लास्टिक गुंडाळलं, प्रत्येक पॅलेटला एक मोठं लेबल. आठला ट्रक सुंद्सवालच्या गोदामाकडे निघाला. सव्वाअकराला तिथून फोन आला. पडदा लाल. बाराच्या बारा पॅलेट लाल.

सिक्स्टेन तिच्या खोलीत आला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. दोन वाजेपर्यंत माल फाटकातून आत गेला नाही, तर फळीवरची जागा दुसऱ्या बेकरीला मिळणार होती. करारातच लिहिलं होतं तसं. हातातल्या फोनवर पोंतुस होता आणि त्याचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता.

"मी आधीच सांगितलं होतं, सिक्स्टेन. जुना प्रिंटर, झिजलेलं डोकं. रेषा तुटक येतात, मग स्कॅनर वाचणार काय? सॉफ्टवेअरचा प्रश्नच नाही, ते जगभर चालतं. नवे प्रिंटर घे आणि लेबलांचं काम आमच्याकडे दे. आम्ही इथून सगळं सांभाळू."

सिक्स्टेनने गुनवोरकडे पाहिलं नाही. तिला तेच जास्त लागलं. "तसंच करावं लागेल बहुतेक," तो म्हणाला. "गुनवोर, तू... तुला पॅकिंगच्या टेबलावर घेऊ. पगार तोच राहील."

बावीस वर्षं! क्षणभर तिला वाटलं, खरंच का? सुट्टीत दोन शुक्रवार गेले, डोकं पुसलं नव्हतं. तिने झाकण उघडलं, बोळा फिरवला. बोळा जवळजवळ पांढराच निघाला. तिने सकाळचं एक जादा लेबल घेतलं, खिडकीशी नेऊन चष्म्यातून पाहिलं. काळ्या रेषा सुबक, कडा धारदार. हातातला स्कॅनर लावला. टिंग.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती पुटपुटली आणि सरळ गोदामाच्या फाटकावर फोन लावला. तिथला माणूस बिर्गेर, करार ठरल्यापासून फोनवर बोलून बोलून, आवाजाने तिच्या ओळखीचा झाला होता.

"बिर्गेर, मला एकच सांग. आमच्या लेबलाला लावलास की तुझा स्कॅनर वाजतो का?"

"वाजतो की. मस्त वाजतो. आणि मग पडदा लाल होतो."

"वाजतो म्हणजे वाचतो!" गुनवोर पोंतुसला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली. "रेषा तुटक असत्या तर वाजला नसता. छपाई चांगली आहे. छापलेला मजकूर त्यांना पटत नाहीये. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही!"

"गोदामाकडचा घोळ असेल मग," पोंतुस म्हणाला. "तक्रार नोंदव. दोन कामाच्या दिवसांत बघतो."

दोन दिवस! घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. तेवढ्यात सिक्स्टेनचा दुसरा फोन वाजला. लोविसा, त्याची घटस्फोटित बायको. मुलं एक आठवडा त्याच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे, विषम आठवडे त्याचे, सम तिचे. आमच्या देशात तारीख कुणी विचारत नाही. दाताचा डॉक्टर, शाळेची सुट्टी, कचऱ्याची गाडी, सगळं वर्षातल्या आठवड्याच्या आकड्यावर चालतं, आणि आकडा जिथे छापलेला दिसेल तो आम्ही डोळे मिटून खरा मानतो.

"सिक्स्टेन, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" लोविसाचा आवाज फोनमधून बाहेर उडत होता. "मुलांना घेऊन जा म्हणून निरोप काय पाठवतोस? आज तुझा आठवडा आहे!"

"अगं, गेला आठवडा माझा होता. आता तुझा. आज दुसरा आठवडा लागलाय."

"पहिला! कॅलेंडर बघ, पहिला! गेला त्रेपन्नावा होता. दोन विषम लागोपाठ आलेत, त्याला मी काय करू? तुला दुसरा कुणी सांगितला?"

"सकाळी पॅलेटच्या लेबलावर..." सिक्स्टेन म्हणाला आणि थांबला.

गुनवोरने लेबल झडप घालून उचललं. रेषांखाली बारीक आकडे होते. मघाशी तिने रेषांच्या कडा तपासल्या होत्या, आकडे नाहीत. ही मात्र तिची चूक, आणि ती तिने नंतर सगळ्यांसमोर कबूल केली. सुरुवातीलाच होतं १६०२. सोळा साल, दुसरा आठवडा. आणि भिंतीवरचं कॅलेंडर म्हणत होतं, पहिला.

"अगं बाई!" ती खुर्चीतच बसली. "सिक्स्टेन, आपण त्यांना पुढच्या आठवड्यात भरलेला माल आज पाठवलाय! लाल नाही होणार तर काय होणार?"

पॅकिंगच्या टेबलावर एकच गलका झाला. ते आकडे सकाळी सहा जणांनी पाहिले होते. दोघींनी तर सम आठवडा म्हणून घरी फोन करून कचऱ्याचे डबे रस्त्यावर काढायला लावले होते.

"पोंतुस," गुनवोर फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "तुझ्या सॉफ्टवेअरचा आठवडा कुठल्या वारी सुरू होतो?"

"म्हणजे? सोमवारी. नाही... थांब." फोनमधून कळा बडवल्याचा आवाज आला. "रविवारी."

"आणि वर्षाचा पहिला आठवडा कुठला?"

"एक जानेवारी ज्यात येते तो."

"शुक्रवारी आली तरी? अरे, अमेरिकेची पद्धत तशीच ठेवलीस तू! आपल्याकडे ज्या वर्षात आठवड्याचे जास्त दिवस, त्या वर्षाचा तो आठवडा. गेल्या साली एक जानेवारी गुरुवारी होती, म्हणून दोन्ही हिशेब सोमवार ते शनिवार जुळत होते. रविवारी आपण बंद. तुझी चूक दिसणार कशी? आता वर्षभर एकाने पुढे धावेल ते."

"ते तपासावं लागेल. पासवर्ड असा कुणालाही..."

"पोंतुस!" सिक्स्टेन इतक्या जोराने ओरडला की भट्टीवरचा माणूस वळून बघायला लागला. "पासवर्ड दे तिला! आत्ता!"

पोंतुसने दिला. गुनवोरने सेटिंगचं पान उघडलं. "तीन पानं आत दडवलंय," ती फोनवर पोंतुसला म्हणाली. देशाच्या नावाखाली दोन ओळी होत्या. तिने आठवडा सोमवारवर आणला, दुसऱ्या ओळीत चार दिवसांचा पहिला आठवडा निवडला, संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि एक लेबल काढलं. १६०१. स्कॅनर लावला. टिंग. तो आवाज तिने आयुष्यात लाख वेळा ऐकला असेल, पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता बारा लेबलं छापून काय, ट्रक तर नव्वद किलोमीटरवर उभा. गुनवोरने चालू रीळ काढून ठेवलं आणि कपाटातून फ्रीझरच्या लेबलांचं रीळ चढवलं. बाहेर उणे चोवीस होतं. साध्या लेबलाचा गोंद त्या थंडीत दगड होतो, प्लास्टिकवर टेकवलं की गळून पडतं. रीळ बदललं की यंत्राच्या डोळ्याला नवी फट शिकवावी लागते, तेही तिने केलं. बाराची चौदा छापली, गठ्ठा लोकरीच्या स्वेटरच्या आत छातीशी धरला आणि म्हणाली, "चल, गाडी काढ. आणि वाटेत लोविसाची माफी माग."

सिक्स्टेनने दोन्ही केलं. बर्फाच्या रस्त्यावर त्याने गाडी अशी हाकली की गुनवोर वाटभर दाराची मूठ घट्ट धरून बसली. एक वाजून पंचवीस मिनिटांनी ते गोदामाच्या फाटकावर होते.

ती ट्रकमध्ये चढली. हातमोजे काढले, कारण हातमोज्यांनी लेबल सरळ बसत नाही. स्वेटरातून एकेक गरम लेबल काढायचं, जुनं लेबल पूर्ण झाकेल असं ठेवायचं, एकही जुनी रेष बाहेर दिसता कामा नये, आणि तळहाताने दहापर्यंत मोजून दाबायचं. सातव्या पॅलेटपर्यंत तिची बोटं बधिर झाली. सिक्स्टेन म्हणाला, "आण, मी लावतो." ती म्हणाली, "तू वाकडं लावशील."

दोनला दहा कमी असताना बिर्गेरने पहिल्या पॅलेटला स्कॅनर लावला. टिंग. सगळे पडद्याकडे बघत उभे. हिरवा! दुसरा हिरवा. तिसरा. बाराव्यालाही हिरवा झाला तेव्हा सिक्स्टेनने गुनवोरला उचलून गरकन फिरवलं, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या त्या बाईने त्याला लहानपणापासून दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या आणि हसत सुटली.

"गुनवोर," बिर्गेर हळूच म्हणाला, "त्या कुंपणाशी आणखी तीन ट्रक उभे आहेत. चीज, लोणच्याचे मासे आणि मेणबत्त्या. सकाळपासून लाल. त्यांचंही सॉफ्टवेअर तेच आहे म्हणतात. जरा बघतेस का?"

तिने नुसत्या नजरेने पाहिलं. तिन्ही लेबलांवर १६०२. तिन्ही ड्रायव्हर फाटकाच्या खोलीत तिच्याभोवती जमले, कुणी आपल्या कचेरीला फोन लावला, कुणी तिच्यापुढे कॉफी आणि वेलदोड्याचा बन ठेवला. तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन वाजला. पोंतुस. आवाज एकदम खाली आलेला.

"गुनवोर, ते... मला आणखी चौदा ठिकाणांहून फोन आलेत. तू ते नेमकं कुठे बदललंस? तीन पानं आत म्हणालीस, कुठून? मला परत सांगशील का?"

गुनवोरने फोन टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला. "सांगते. त्याआधी एक वाक्य म्हण. प्रिंटरचा दोष नव्हता."

तिन्ही ड्रायव्हर फोनकडे वाकले.

"प्रिंटरचा दोष नव्हता," पोंतुस म्हणाला.

"मग कुणाचा होता?"

"माझा. मी बघायला हवं होतं."

"शाब्बास. सिक्स्टेन, ऐकलंस?"

"ऐकलं," सिक्स्टेन म्हणाला. आता तो सरळ तिच्याकडे बघत होता. "पोंतुस, पासवर्ड आजपासून गुनवोरकडे राहील. सेटिंगला हात लावायचा असेल तर आधी तिला विचारायचं."

"बरं," पोंतुस म्हणाला.

"कागद घे मग," गुनवोर म्हणाली. तिने बनचा एक घास खाल्ला, बोटं कपाभोवती शेकली आणि सुरुवातीपासून सांगायला लागली, सावकाश, एकेक पान, एकेक ओळ. आणि दर ओळीनंतर त्याने काय लिहिलंय ते परत वाचून दाखवायला लावलं.