मागच्या रांगेतली मुलगी

दर सोमवारी प्रार्थना झाली की मी मुलांना स्वेटर काढायला लावायचो.

डिसेंबर चालू होता. पहिली ते चौथी मिळून अकरा मुलं समोर कुडकुडत उभी असायची आणि मी म्हणायचो, "फोटोपुरतं. दोन मिनिटं." पहिलीतला एक पोरगा दर वेळी विचारायचा, "सर, स्वेटर काहून काढाचा?" गणवेश दिसला पाहिजे, असं मी त्याला सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. त्या अकरा मुलांच्या मागे आणि मधेमधे मी आणखी बारा मुलं बसवणार होतो. त्या बारा जणांचे फोटो ऑगस्टमधले होते आणि ऑगस्टमध्ये कोणाच्याच अंगात स्वेटर नव्हता.

शाळा भातकुलीच्या बाजूची, खारपाणपट्ट्यातली. जमिनीखालचं पाणी खारट, त्यामुळे पाऊस संपला की शेतीही संपली. लागोपाठ तीन वर्षं पावसाने दगा दिला होता. दिवाळी झाली की घरंच्या घरं कुलूप लावून निघून जायची. कोणी वीटभट्टीवर, कोणी अकोटला कापसाच्या जिनिंगवर. सोबत मुलंही जायची. पटावर तेवीस नावं होती, ओट्यावर अकरा मुलं. आणि वरून निरोप आलेला : दर सोमवारी वर्गाचा फोटो पाठवा. कमी पटाच्या शाळा बंद होणार, अशी चर्चा प्रत्येक मीटिंगमध्ये असायची.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. अकोटला नगरपालिकेच्या शाळेत शिकलो, आई-वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. शाळा नसती तर मीही तिथेच असतो, हे मी कधी विसरलो नाही. त्यामुळे शाळा वाचवतोय, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. शाळा बंद झाली की मी अतिरिक्त ठरणार आणि दूर धारणीकडे जंगलात कुठेतरी बदली होणार, ही भीतीही होतीच.

फोनवरचं फोटोचं अॅप मी स्वतःच शिकलो. पंधरा ऑगस्टचा मोठा फोटो उघडायचा, दोन बोटांनी मोठा करायचा आणि एकेका मुलाच्या कडेने बोट फिरवायचं. कान, वेणी, शर्टाची कॉलर. कापलेलं मूल वेगळ्या थरावर ठेवायचं. असे बारा थर मी तयार केले होते. स्क्रीनच्या उजव्या बाजूला ते एकाखाली एक दिसायचे आणि प्रत्येकासमोर डोळ्याचं छोटं चित्र असायचं. डोळ्यावर टिचकी मारली की ते मूल दिसेनासं व्हायचं, पुन्हा मारली की परत यायचं. सगळं जमलं की थर एक करून फोटो पाठवून द्यायचा. थरांची मूळ फाइल मात्र मी ठेवून देत असे, पुढच्या सोमवारासाठी.

मूळ फोटोत मागच्या रांगेत जी मुलं उभी होती त्यांना पायच नव्हते, पुढच्यांच्या आड गेलेले; छातीपर्यंतच होती ती. त्यांना कायम मागेच बसवावं लागे. चौथीतली एक मुलगी अशीच मागच्या रांगेतली. निळा-पांढरा गणवेश, लाल रिबिनी, डोळे किंचित मिटलेले. तिचे आई-वडील अकोटला जिनिंगवर गेले होते, ती आजीजवळ राहिली होती. म्हणजे ती गावातच होती. पण शाळेत येण्याचा नेम नव्हता, म्हणून तिचाही थर मी करून ठेवला होता. आली नाही तर डोळा उघडायचा. आली तर बंद.

पाठवून झाल्यावर दिवसभर मी फोन जवळच ठेवायचो. फोनची रिंग वाजली की वाटायचं, आता विचारतील, ऊन डावीकडून आहे तर या तिघांच्या चेहऱ्यावर उजवीकडून कसं? कोणी कधीच विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून भीती कमी झाली असंही नाही.

त्या सोमवारी हेडसर सकाळीच केंद्रावर मीटिंगला गेले होते. ते माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, निवृत्तीला आलेले, साधे गृहस्थ. फोटोचं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. "वर्ग भरलेला दिसला पायजे बावा," एवढंच एकदा म्हणाले होते. तो कसा भरतो हे त्यांनी विचारलं नाही, आणि फोटोतली मुलं कधी मोजलीही नाहीत. चौथीतली ती मुलगी त्या दिवशी आली नव्हती. मी डोळा उघडला, केंद्राच्या ग्रुपवर फोटो पाठवला, हजेरीतही तिला हजर मांडलं. फोटो आणि हजेरी जुळली पाहिजे ना.

दुपारी खिचडीच्या वेळी तिची आजी ताट घेऊन आली. पोरगी ताट घरीच विसरून गेली म्हणून. हेडसर नुकतेच परतले होते. मी वर्गात होतो, पण खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"गुरुजी, पोट्टी कुठी हाय? ताट द्याचं होतं."

"असन इथीच. खेळून राहिली असन."

"मंगापासून पाहून राहिली मी. दिसत नाई."

हेडसरांनी मुलांना विचारलं. मुलं म्हणाली, "ते नाई आली आज."

"नाई आली कशी?" हेडसरांनी खिशातून फोन काढला. "ही काय. मागच्या रांगेत. सकाळच्या फोटोत दिसून राहिली अन् तुमी म्हणता नाई आली? खोटं बोलता?"

मी दारात आलो. मुलांनी माझ्याकडे पाहिलं, सगळ्यांनी एकदम. स्वेटर काढून कोण कोण उभं होतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. मी काही बोललो नाही. का बोललो नाही, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. एवढं आठवतं की माझ्या नोकरीची ऑर्डर हातात घेऊन देवापुढे उभी असलेली माझी आई डोळ्यांपुढे आली होती.

आणि मग फोटोवर विश्वास ठेवूनच शोध सुरू झाला. मुलगी सकाळी शाळेत होती, म्हणजे जे झालं ते शाळेच्या आवारात झालं. संडास पाहिले, मागची खोली पाहिली. पोलीस पाटील आले. त्यांनी दोन-तीन फोन लावले आणि सांगितलं, निळा-पांढरा गणवेश, लाल रिबिनी. तेही फोटो पाहूनच. मी शेजारी उभा होतो.

शाळेच्या मागे एक विहीर होती. पाणी खारं म्हणून कोणी वापरत नसे, अर्धी फळ्यांनी झाकलेली. एक फळी सरकलेली होती. कधीपासून सरकलेली होती कोणास ठाऊक, पण त्या दिवशी ती सगळ्यांना दिसली.

दोघं जण दोर आणि गळ घेऊन आले. आजी काठापासून थोडी दूर मातीतच बसली, ताट मांडीवर धरून. ती रडत नव्हती. नुसती म्हणत होती, "तिले पाण्याचा भेव लागते. ते नाई जाणार तिकडे." गळ खाली गेला. लोखंड दगडावर घासल्याचा आवाज वर येत होता. मला माहीत होतं की ती शाळेत आली नव्हती, तरी त्या आवाजाने मी काठाशी जाऊन खाली वाकलो. कारण आता ती कुठे आहे हे मलाही माहीत नव्हतं. सकाळपासून गेलेली नऊ वर्षांची मुलगी, आणि आम्ही सगळे तिला जिथे ती नव्हतीच तिथे शोधत होतो.

"अटकलं," दोर धरणारा म्हणाला. "जड लागून राह्यलं."

आजी उभी राहिली. ताट खाली पडलं.

वर आलं ते कुजलेलं पोतं. पण ते काठावर येईपर्यंतच्या वेळात मी ओरडलो होतो, "ती आलीच नव्हती! सर, ती आज शाळेत आलीच नव्हती!"

हेडसर वळले. "फोटोत हाय न ते."

"मी बसवली तिला फोटोत."

"बसवली म्हंजे?"

मी फोन काढला, फाइल उघडली आणि त्यांच्यासमोर धरली. आजीही जवळ आली. मी डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारली. मागच्या रांगेतून मुलगी नाहीशी झाली, तिच्या जागी शाळेची भिंत दिसली.

आजीने किंकाळी फोडली. "कुठी गेली? अवं माय, कुठी गेली? आता तं होती!" तिने माझं मनगट धरलं. "आणा तिले. गुरुजी, वापस आणा!"

मी घाईघाईने पुन्हा टिचकी मारली. मुलगी परत आली. आजी त्या काचेवर बोट टेकवून राहिली, काढायलाच तयार नव्हती. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही नाही.

पोलीस पाटलांनी मला शिवी हासडली. ती मला लागायलाच हवी होती. मग ते आजीकडे वळले. "बाई, घरून निंगाली तवा आंगात काय होतं?"

हे दोन तासांत कोणीच विचारलं नव्हतं. फोटो होता ना.

"पिवया फराक," आजी म्हणाली. "दिवाईचा. म्या म्हटलं, शायेत काहून नवा फराक? तं म्हणे, सर फोटो काढते."

पुढे सगळं भराभर झालं. पिवळ्या फ्रॉकची मुलगी सकाळी दर्यापूरच्या बसमध्ये चढताना फाट्यावरच्या पानठेलेवाल्याने पाहिली होती. एका बाईच्या मागोमाग चढली म्हणून त्याला तिचीच वाटली. दर्यापूरहून अकोट. अकोटला जिनिंगच्या मुकादमाचा नंबर गावात एकाकडे निघाला. फोन लागेना, लागला तर आवाज येईना. शेवटी पलीकडून कोणीतरी म्हणालं, "हो, आली हाय एक पोट्टी. गेटावर रडून राह्यली होती. मायजवळ हाय."

हेडसरांनी पायरीवर बसून चष्मा काढला. पुढे मला लेखी खुलासा द्यावा लागला, वेतनवाढ थांबली आणि पुढच्या सोमवारी अकरा मुलांचा फोटो गेला. तेव्हाही ते मला वेडंवाकडं बोलले नाहीत. त्याचंही मला ओझं वाटत आलं आहे.

पोलीस पाटलांच्या जीपने आम्ही अकोटला गेलो. आजी पुढे, हेडसर आणि मी मागे. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जिनिंगच्या आवारात पांढऱ्या कापसाचा ढीग, हवेत तंतू उडत होते. मुलगी आईच्या कमरेला धरून उभी होती. पिवळा फ्रॉक धुळीने माखलेला. आजी तिला जवळ घ्यायला धावली, पण मुलीचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ती आईच्या मागे दडली.

आई म्हणाली, "सर, मारू नका तिले. मीच समजावतो."

मी लांबच थांबलो. लुगड्याआडून मुलीचा आवाज आला.

"सर, मी आज शायेत नोती आली. खाडा पडला काय?"

हजेरीत मी तिला हजर मांडलं होतं. हेडसर माझ्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हटलं, "पडला."

तिने जरासा विचार केला, एवढ्यावरच भागतंय असं वाटलं असावं, मग आईचं लुगडं सोडून बाहेर आली.