उंबऱ्यात निवडलेला कॅमेरा

वडगावातल्या आमच्या घरात आभाळाकडे बघणं हा शौक नव्हता, काम होतं. मागच्या शेडमध्ये यंत्रमाग. वळवाची वीज कडाडली की करंट जाणार, आणि माग मध्येच थांबला की साडीत आडवी रेघ उमटणार. म्हणून उन्हाळ्यात दुपार कलली की आप्पा, म्हणजे माझे सासरे, गच्चीवर जाऊन बसायचे आणि ढगाचा रंग बघून खाली ओरडायचे, "बंद करा रं!" करंट त्यानंतर जायचा. लग्न होऊन आल्यावर मी चहा घेऊन वर जायची आणि तिथंच रेंगाळायची. नुसता गुरगुरणारा ढग कुठला आणि खरा कुठला, हे त्यांनी मला शिकवलं. ते वेड मला लागलं ते लागलंच.

गेल्या हिवाळ्यात आप्पा न्हाणीत पडले. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले आता चाला. आप्पा म्हणाले, "बघू," आणि कॉटवरच राहिले. खोलीची खिडकी उघडते ती शेजारच्या भिंतीवर. आधी ते पडल्या पडल्या मागाचा आवाज ऐकून चुका काढायचे, हळूहळू तेही थांबलं. ओरडणारा माणूस गप्प झाला की घर किती ओकंबोकं होतं! मला त्यांचा फार राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची, की हे आता उठायचेच नाहीत. शेवटी ठरवलं, आप्पा वळवाकडे जात नाहीत ना, मग वळीवच खोलीत आणायचा.

मोबाईलवर करून बघितलं. ढग म्हणजे भिंतीला शेणी थापल्यासारखे दिसत होते. मग नवऱ्याला म्हटलं, "व्हिडिओ कॅमेरा घ्यायचाय, स्वस्तातला. अंधारात चालणारा."

"घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," नवरा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी साड्या पोचवायची व्हॅन काढून माझ्या आधी तयार होता.

बाजारातल्या दुकानदारानं तीन कॅमेरे पुढ्यात ठेवले, एक नवा आणि दोन वापरलेले. आता विणकराच्या घरची सवय अशी, की ट्यूबलाईटखाली कापड कधी पसंत करायचं नाही. ट्यूबलाईट खोटं बोलते. कापड उचलायचं आणि उंबऱ्यात उजेडाला न्यायचं. आम्हीही तिन्ही कॅमेरे उचलले आणि उंबऱ्यात रणरणत्या उन्हात उभे राहिलो. नव्या चिमुकल्या कॅमेऱ्यात माझ्या पदराचा धागा न् धागा दिसत होता. "ह्योच!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो. इतका शहाणपणा आम्ही आयुष्यात कधी केला नव्हता.

पुढचा वळीव हिंडलग्याच्या बाजूला गाठला. ढगाखाली अंधारून आलं आणि पडद्यावर ढगाऐवजी रवा सांडला. नुसते दाणे. त्यात वीज चमकली की कॅमेरा दचकायचा आणि भलतीकडेच नजर लावायचा. विजेपेक्षा त्याला वायपरवरचा थेंब जास्त आवडला. नवरा स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत सुटला. "वळीव निवडाय उन्हात गेलतो आपण!" मलाही हसू आवरेना.

घरी मात्र हसू आलं नाही. आप्पांच्या खोलीतल्या टीव्हीवर तो व्हिडिओ लावला. त्यांनी क्षणभर बघितलं आणि कूस बदलली. "टीव्ही बिघडलाय," म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी माझी काळी चंद्रकळा पिशवीत घालून दुकानात हजर झाले. दुकानदाराला म्हटलं, दिवे बंद करा आणि शटर अर्धं ओढा. "आक्का, क्यामेरा बघायलाय काय भूत?" तो म्हणाला, पण ओढलं बिचाऱ्यानं. त्या मिणमिणत्या उजेडात नव्या कॅमेऱ्यानं माझी चंद्रकळा पार राखाडी धुऊन काढली. दुसरा वापरलेला त्याचाच भाऊ. तिसरा जाडजूड, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं विकलेला, त्याच्या फटींत अजून हळद अडकलेली. पण भिंग मोठं, आणि त्यात काळं काळंच राहिलं, तरी काठ वेगळा उठून दिसला. शिवाय त्याची नजर, म्हणजे फोकस, हातानं फिरवून लांबवर रोखून ठेवता येत होती, म्हणजे वीज चमकली तरी हलायची नाही. अदलाबदल झाली. बॅटरी मात्र म्हातारी. म्हटलं, असू दे, गाडीत चार्ज करू.

निपाणीला साड्या पोचवायला निघालो, त्या दिवशी सदलग्याच्या अंगाला ढग चढला. खालून जांभळा, वर तांबूस. झाडं टाळून मोकळ्या जागी व्हॅन उभी केली. बाहेर उतरायचं नाही, हा आप्पांचाच नियम. साड्यांच्या गठ्ठ्यावर कॅमेरा टेकवला, काच खाली केली, नजर लांब रोखली. धुळीचा लोट आला, ऊस आडवा झाला आणि आभाळभर वीज फुटली. त्या व्हिडिओत ढगांच्या गडगडाटापेक्षा आमचाच गोंधळ जास्त आहे. "अगं काच लाव, गठ्ठं भिजत्यात!" "थांबा हो जरा, थांबा!" मी लहान पोरीसारखी किंचाळत होते. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

संध्याकाळी कॅमेरा टीव्हीला जोडला आणि आप्पांच्या खोलीतला दिवा मालवला. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पहिला गडगडाट झाला तशी मान वळली.

"आवाज वाढीव."

वाढवला. ते कोपरावर उठले. मी टीव्ही सोडून त्यांच्याकडेच बघत होते.

"ह्यो खरा," शेवटी म्हणाले. मग एकदम आवाज चढला. "पर तुमी कडंला का थांबलाय? ढग डावीकडं सरकतोय, दिसत न्हाय व्हय? त्याच्या म्होरं जाऊन थांबायचं सोडून हितं काय करत बसलासा?"

बोलणी खाताना मी कधी इतकी खूश झाले नव्हते. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसूही लपत नव्हतं.

"आम्हाला काय कळतंय, आप्पा," मी म्हटलं.

"ते दिसायलंय की." त्यांनी पांघरूण बाजूला सारलं आणि दोन्ही पाय खाली सोडले. "उद्या दुपारी व्हॅन काढा. फुडं मी बसनार. माझ्या चपला कुठं हायत गं?"

मी कॉटखाली वाकले. चपला लगेच हाताला लागल्या, पण डोळे पुसायचे होते म्हणून जरा वेळ खालीच शोधत राहिले.