कुलूप नसलेली फाईल

कुंडलिकला लबाड म्हणणाऱ्याची जीभ झडो, असं मी पन्नास वेळा म्हणालो असंन. मनातल्या मनात.

कुंडलिक लासुर्ण्याचा. वालचंदनगरला मशीनचे नकाशे काढायला शिकला आणि बारामती रस्त्याच्या आमच्या वर्कशॉपात बावीस वर्षं राबला. कुणाच्या गुऱ्हाळाच्या चरकाचा गिअर मोडला, की हा गडी मोटारसायकल काढून तितं हजर. झिजलेला दात व्हर्नियरनं मोजायचा, मूळचा दात केवढा असंल ते डोक्यानं ताडायचा आणि कागदावर उतरवायचा. त्याचा अंदाज एकदाबी चुकला न्हाय.

अशी नऊशे ड्रॉइंगं त्यानं कंपूटरात ठेवली होती. आमी मशीनवर राबणारी माणसं, आमाला त्यातलं काय कळतंय? म्हणून त्यानं सगळ्यांची मिळून एकच फाईल बांधली. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की ड्रॉइंगं आपोआप बाहेर. "सोनबा, उद्या मी नसलो तरी तुमचं अडायला नको," म्हणायचा.

मग मालकांचा, रामहरीआबांचा, पोरगा यशराज पुण्यात शिकून आला. पहिल्याच आठवड्यात जुना कंपूटर भंगारात, टेबलावर चकचकीत मॅक. कुंडलिकची फाईल तेवढी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलेली. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली आणि डाळज गावच्या एका चरकाचा तुटका गिअर आमच्या दारात आला. यशराजनं फाईलवर टिचक्यांवर टिचक्या मारल्या. काय उघडंना.

"काका, मुद्दाम कुलूप घातलंय ना? आम्ही तुमच्या मागं फिरावं म्हणून?" आठ कामगारांच्या देखत बोलला.

कुंडलिकचं तोंड उतरलं. "यशराजराव, कुलूप कसलं? जुना कंपूटर आणा, आत्ता उघडून दावतो."

"तो भंगारात गेला, हे माहीत आहे म्हणून तर बोलताय."

थोरले मालक रामहरीआबा शेजारीच बसलेले. बावीस वर्षं ह्याच्या जिवावर धंदा केलेला माणूस! खुशाल चहात बिस्कीट बुडवत बसले. आग लागो त्या बिस्किटाला.

कुंडलिक पेनड्राइव्ह घेऊन लासुर्ण्याला निघाला, मीबी मागं बसलो. तितं ऋषिराजचं सातबारे काढून द्यायचं दुकान हाय. त्याच्या जुनाट कंपूटरवर दोनदा टिचकी मारली आणि नऊशेच्या नऊशे ड्रॉइंगं भराभरा बाहेर!

ऋषिराज हसायला लागला. "अवो, ही विंडोजची फाईल. मॅकवर ती अशी चालतच न्हाय. ह्यात कुलूप कुठं आलं?" त्यानं सगळी ड्रॉइंगं सुटी करून दिली, कुठल्याबी कंपूटरवर उघडतील अशी. कुंडलिकचा जीव भांड्यात पडला. वाटंत मला जबरदस्तीनं भजी खायला घातली. "आता कळंल त्यांना," म्हणाला.

कळतंय कशाचं! यशराजनं एकेक ड्रॉइंग उघडून बघितलं आणि सगळ्यांकडं वळून म्हणाला, "बघितलंत? दम दिला की कुलूप निघतं."

"अवो न्हाय!" कुंडलिकचा आवाज फुटला. "कुलूप नव्हतंच. फाईल त्या दुसऱ्या कंपूटरची हाय. हा सोनबा होता संगं, त्यानं डोळ्यांनी बघितलंय. सोनबा, सांग की रं!"

सगळं वर्कशॉप माझ्याकडं बघाया लागलं. यशराजबी. माझा पोरगा युवराज तितंच नुकता कामाला चिकटलेला, सहा महिन्यांत कायम व्हायचा होता.

"मला कंपूटरातलं काय कळतंय?" मी म्हणालो.

कुंडलिकनं व्हर्नियर फडक्यात गुंडाळला, खिशात घातला आणि गेला. पुन्हा कवा आला न्हाय. लासुर्ण्याच्या बाजारात दिसला तर मीच दुसऱ्या गल्लीनं जातो.

डाळजचा गिअर त्याच दिवशी मी कापला, त्याच्याच ड्रॉइंगवरनं. चरकात पहिल्या झटक्याला बसला. कानसबी लावावी लागली न्हाय.