पर्यवेक्षकाच्या रकान्यातली सही

आपल्या महाविद्यालयाच्या तळमजल्यावर एक लिफ्ट आहे आणि तिच्या दाराशी एक पाटी आहे : 'विद्यार्थ्यांनी लिफ्टचा वापर करू नये.' ही पाटी ज्याने रंगवली त्याच्या डोळ्यांसमोर विद्यार्थी म्हणजे दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारा प्राणी असणार. शेहेचाळिसाव्या वर्षी, उजव्या गुडघ्यातून कुरकुर ऐकू येत असताना, प्रथम वर्ष कला शाखेत प्रवेश घेणारा माणूस त्याच्या हिशेबात नव्हता. या अन्यायाबद्दल मी या गौरवग्रंथाच्या पानावर जाहीर निषेध नोंदवतो. तो नोंदवून झाल्यावर, गेली तीन वर्षं मला तिसऱ्या मजल्यापर्यंत पायी चढायला लावणाऱ्या व्यक्तीबद्दल लिहायला घेतो. साठी पूर्ण करणाऱ्या श्रीमती सुलभा म्हात्रे यांची आणि माझी पहिली भेट त्याच लिफ्टच्या दारात झाली.

कॉलेजचा माझा पहिला दिवस होता. इस्त्रीचा शर्ट, चष्मा आणि पांढरी कानशिलं बघून लिफ्टमनने मला नवा प्राध्यापक समजून दार उघडलं. "या सर," म्हणाला. त्याचा गैरसमज दूर करण्याची मला घाई नव्हती. एक पाय आत टाकला आणि मागून शांत आवाज आला.

"विद्यार्थ्यांना जिना आहे."

मागे खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक बाई उभ्या होत्या.

"मी विद्यार्थी आहे हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुमच्या खिशातून प्रवेशाची पावती डोकावतेय. ती घडी घालून ठेवा, मळते."

लिफ्टमन ओशाळून त्यांना म्हणाला, "ताई, तुम्ही तरी या. तुम्हाला कोण बोलणार आहे?"

"मी पण विद्यार्थीच आहे आता," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. मला मागोमाग जाणं भाग होतं. दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या. मी जरा आशेने विचारलं, "दमलात?"

"नाही. तुमच्यासाठी थांबले."

लिफ्टमनला त्या कशा ठाऊक, हे या ग्रंथाच्या बहुतेक वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. म्हात्रेबाई याच महाविद्यालयाच्या कार्यालयात चौतीस वर्षं होत्या. खिडकी क्रमांक तीन, परीक्षा विभाग. शीळफाट्याजवळच्या गावातून बारावी होऊन त्या कनिष्ठ लिपिक म्हणून लागल्या. पुढे दोन धाकटे भाऊ, मग सासर, मग दोन मुलं यांची शिक्षणं होत गेली आणि त्यांचं स्वतःचं बारावीवर थांबलं ते थांबलंच. दरवर्षी पदवीदान समारंभाच्या आधी त्या मुलांची यादी टाईप करायच्या, बैठक क्रमांकानुसार प्रमाणपत्रं लावायच्या आणि समारंभाच्या दिवशी पडद्यामागे उभं राहून एकेक पुढे द्यायच्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या आणि त्याच जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज घेऊन आपल्याच खिडकीसमोर रांगेत येऊन उभ्या राहिल्या. खिडकीत आता प्रशांत बसत होता. त्याला काम त्यांनीच शिकवलेलं.

"ताई, आत या ना, चहा घ्या. फॉर्म मी भरतो," प्रशांत म्हणाला.

"माझ्या पुढे सात जण आहेत, त्यांचं आधी बघ," त्या म्हणाल्या.

त्यांना पदवी कशासाठी हवी होती? मी एकदा कँटीनमध्ये खवचटपणे विचारलं होतं, की बाई, आता साठीत बी.ए. होऊन बढती कोण देणार आहे? त्यांनी इडली संपवली, हात पुसले आणि म्हणाल्या, "एकदा त्या यादीत माझं नाव असावं. आणि ते टाईप दुसऱ्या कोणीतरी करावं." त्यावर मी विनोद केला नाही. माझ्यासारख्याच्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे, कारण मी एका स्थानिक साप्ताहिकात दर शनिवारी लोकांची टर उडवणारं सदर लिहितो. उरलेले दिवस छापखान्यात प्रुफं तपासतो. विसाव्या वर्षी अर्धवट सोडलेली पदवी पुरी करायला मी आलो, त्यामागेही खरं म्हणजे सदरासाठी मजकूर मिळेल हा हेतू होता.

मजकूर भरपूर मिळाला. आम्ही दोघं वर्गात बसलो की बाकीची मुलं पहिले दोन महिने पालकसभा असल्यासारखी गप्प बसायची. नव्या प्राध्यापिका वर्गात आल्या की आम्हाला बघून आधी दारातच थबकायच्या. मुलांनी मला 'काका' केलं आणि त्यांना 'ताई'. बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या बाई ताई आणि मी काका, या गणिताचा खुलासा मला आजवर कोणी दिलेला नाही. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या आल्या आणि तिथली भाषा हळूहळू सुधारली. नंतर कळलं, मुलांनी शिव्यांसाठी दुसरा ग्रुप काढला होता. त्यावर मी होतो.

त्यांच्या कामाच्या रीतीबद्दल एक प्रसंग सांगतो. आमच्या वर्गातली तन्वी डोंबिवलीहून टिटवाळ्याच्या नव्या इमारतीत राहायला गेली आणि त्या सामानाच्या हलवाहलवीत तिची बारावीची मूळ गुणपत्रिका हरवली. कार्यालयाने तिचा परीक्षेचा फॉर्म अडवला. रडून रडून तिचे डोळे सुजलेले. तिचा मित्र म्हणाला, "ताई, तुमचीच माणसं आहेत ना आत? एक फोन टाका, मॅटर खल्लास."

"माझी माणसं आहेत म्हणूनच फोन नाही," म्हात्रेबाई म्हणाल्या. "तन्वी, कागद घे. विषयात काय हवंय ते एका ओळीत. रडणं खाली, दुसऱ्या परिच्छेदात. तिथेही दोनच ओळी."

तन्वीने तीन वेळा अर्ज लिहिला, त्यांनी तीन वेळा परत दिला. मग पोलीस चौकीतला दाखला, बोर्डाचा अर्ज, प्राचार्यांची तात्पुरती परवानगी, या सगळ्या रांगांमध्ये त्या तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. शब्द एकही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या. फॉर्म भरला गेला. तेव्हापासून वर्गातल्या कोणाचाही कागद अडला की मुलं आधी त्यांच्या बाकाशी येतात. मात्र अर्ज स्वतः लिहावा लागतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. तिसऱ्या वर्षाची, पाचव्या सत्राची परीक्षा. इतिहासाचा पेपर. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर दोन रकाने असतात : एकात विद्यार्थ्याने बैठक क्रमांक लिहायचा, दुसऱ्यात पर्यवेक्षकाने तो तपासून सही करायची. परीक्षेच्या दिवसांत माणसं कमी पडली की कार्यालयातल्या लोकांना वर्गावर पाठवत आणि म्हात्रेबाईंनी त्या दुसऱ्या रकान्यात वर्षानुवर्षं हजारो सह्या केलेल्या. त्या दिवशी कोरी उत्तरपत्रिका समोर आली, त्यांनी क्रमांक लिहिला आणि चौतीस वर्षांच्या सवयीने हात पुढे सरकला. पर्यवेक्षकाच्या रकान्यात त्यांनी स्वतःची सही केली. पर्यवेक्षिका नव्या होत्या, वयाने पंचविशीतल्या. फिरत फिरत आल्या, सही दिसली, कोणी ज्येष्ठ येऊन करून गेलं असेल असं समजून पुढे गेल्या.

तीन तासांनी उत्तरपत्रिका देताना बाईंची नजर पहिल्या पानावर गेली.

"मॅडम, माझ्या उत्तरपत्रिकेवर तुमची सही नाही."

"आहे की," त्या मुलीने बघून सांगितलं.

"ती माझी आहे."

तिने घाईघाईने कार्यालयात फोन लावला. प्रशांत धावत आला. त्याने जे सुचवलं ते आपल्यापैकी कोणीही सुचवलं असतं. "ताई, गठ्ठा अजून बांधायचाय. मॅडम शेजारी सही करतील, तुमची खोडू. संपलं. कोणाला कळणार आहे?"

मी वर्गाच्या दारात उभा होतो. मीही म्हणालो, "बाई, न दिसलेली चूक ही चूक नसते. घरी चला."

"मला दिसली ना," त्या म्हणाल्या. मग प्रशांतकडे वळल्या. "आणि तुला हे मी शिकवलेलं नाही." तिथेच बाकावर बसून त्यांनी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. विषय एका ओळीत. दुसऱ्या परिच्छेदात रडणं नव्हतंच.

चौकशी समिती बसली. समितीचंही चुकलं म्हणता येत नाही. परीक्षा विभागात चौतीस वर्षं काढलेल्या बाईंनी स्वतःच्या उत्तरपत्रिकेवर पर्यवेक्षकाच्या जागी सही करावी, हे कागदावर फार वाईट दिसतं. कोरी उत्तरपत्रिका आधीच ओळखीतून मिळवली, घरी लिहिली, आत आणून बदलली, असा अर्थ कोणीही काढू शकतं. काढला गेलाही. वर्गाचा निकाल लागला तेव्हा म्हात्रेबाईंच्या नावापुढे लिहिलं होतं : 'राखून ठेवला.' आरोप टिकला असता तर पेपर रद्द झाला असता, आणि पदवीच्या यादीत यंदा तरी त्यांचं नाव नसतं. शिवाय खिडकीतल्या चौतीस वर्षांवर जो डाग पडला असता तो वेगळा.

सात आठवडे हे चाललं. त्या सात आठवड्यांत त्यांनी सहाव्या सत्राचा एकही तास बुडवला नाही. मुलं चिडलेली होती. कँटीनमध्ये एक जण म्हणाला, "ताई, लोड नका घेऊ. ती कमिटीच येडी आहे."

"येडी नाही रे. मी त्या खुर्चीत असते तर हेच विचारलं असतं," त्या म्हणाल्या. "तू प्रकल्प दिलास का? परवा शेवटची तारीख आहे." चहाचा पेला मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, आणि तो भरलेलाच राहिला.

सुटका झाली ती त्यांच्याच एका जुन्या सवयीने. प्रत्येक वर्गात कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतच्या कोऱ्या उत्तरपत्रिका गेल्या, उरलेल्या किती परत आल्या, याची वही ठेवायची पद्धत त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला पाडली होती. लोक तेव्हा हसायचे. प्रशांतने ती न कंटाळता चालू ठेवली होती. त्या वहीत बाईंच्या उत्तरपत्रिकेचा क्रमांक त्या दिवशी त्याच वर्गात गेलेल्या गठ्ठ्यात निघाला, आणि एकही जास्तीची आली-गेली नव्हती. समितीने फाइल बंद केली. निकाल लागला : प्रथम वर्ग, इतिहासात वर्गात तिसऱ्या. त्या दिवशी आमच्या वर्गाने जो गोंधळ घातला त्याबद्दल शेजारच्या वर्गाने तक्रार केली. ती तक्रार मी जपून ठेवणार आहे. आयुष्यात मी पुष्कळ लोकांची फजिती बघून लिहिलं. कोणाचा अभिमान वाटून लिहिण्याची ही पहिलीच वेळ, आणि हात थोडा अवघडला आहे, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

पुढच्या महिन्यात आमची शेवटची परीक्षा. म्हात्रेबाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे आणि डोळे त्यांच्या हुकमात राहोत. पदवीच्या यादीत त्यांचं नाव प्रशांत टाईप करो. नंतर त्यांनी एम.ए.ला यावं आणि आम्हा सगळ्यांना आणखी दोन वर्षं सरळ वागायला लावावं, एवढं मागून लेख संपवायला हवा होता. पण एक गोष्ट राहिली होती, ती गेल्या मंगळवारी केली.

त्या पेपरला मी त्यांच्या तिरक्या मागच्या बाकावर होतो. त्यांचा हात त्या रकान्यात जाताना मी पाहिला. 'बाई, तो रकाना आपला नाही' एवढं पुटपुटलो असतो तर दोन मिनिटांत नवी उत्तरपत्रिका मिळाली असती. मी पुटपुटलो नाही. शनिवारच्या सदराला छान मजकूर मिळाला म्हणून मनातल्या मनात हसलो. पुढे समितीने विचारलं तेव्हा, आपलाही निकाल अडकेल या भीतीने, "मी माझ्या पेपरात होतो" असं सांगितलं. तेव्हा खरं बोललो असतो तर सात आठवडे लागले नसते, एक दुपार लागली असती.

मंगळवारी मी हे सगळं एका पानावर लिहिलं आणि खिडकी क्रमांक तीनच्या रांगेत उभा राहिलो. प्रशांतने ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"काका, फाइल बंद झालीये ओ. आता कशाला?"

"ठाऊक आहे. त्या फाइलला लाव. आवक क्रमांक टाक."

त्याने शिक्का मारला. दुसऱ्या प्रतीवरही मारला. ती घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेलो, म्हात्रेबाईंच्या बाकावर ठेवली आणि मागे जाऊन बसलो. त्यांनी चष्मा लावला. पान शेवटपर्यंत वाचलं, शिक्का बघितला. मग पिशवीतली प्लॅस्टिकची फाइल काढली, ज्यात त्यांची बारावीची गुणपत्रिका आणि निवृत्तीचा आदेश असतो. त्या दोन्हींच्या मागे ते पान सरळ करून ठेवलं, आणि वही उघडली.