निर्दोष इंजिनाची बदनामी

मला गाडी मागे घेता येत नाही. वय चोपन्न, वाहन परवाना एकतीस वर्षांचा, आणि तरीही रिव्हर्स गिअर पडला की माझ्या डाव्या-उजव्याचे आपसांतले नाते तुटते. हा दोष मी कोणालाही कळू दिला नव्हता. पुण्यात असताना गाडी नेहमी अशा जागी लावत असे, जिथून सरळ पुढे निघता येईल. बंगळुरूला बदलून आलो आणि मारतहळ्ळीच्या आमच्या इमारतीच्या तळघरात ती सोय उरली नाही. तिथे मी वेगळा मार्ग शोधला. आमची गाडी लावायच्या जागेच्या खांबापाशी पोचलो की मला एक महत्त्वाचा फोन येत असे. तो कानाला लावून मी उतरे, कपाळावर कामाच्या आठ्या घाली आणि किल्ली वॉचमनच्या हातात देई. तो गाडी मागे लावेपर्यंत मी मुक्या फोनवर "हो, हो, बघतो" म्हणत उभा राही. पत्नी वॉचमनला म्हणे, "यांना ऑफिसवाले गाडी लावायलासुद्धा उसंत देत नाहीत." ही सहानुभूती मी दहा वर्षे निमूटपणे स्वीकारली.

प्रकरण एवढ्यावर राहिले असते तर लिहिण्यासारखे काही नव्हते. पण हा दोष झाकण्यासाठी मी एका निर्दोष इंजिनाची बदनामी केली, आणि ती माझ्या पत्नीच्या कमरेला भोगावी लागली.

पत्नीच्या मणक्याची चकती सरकली होती. तिची आई बेळगावच्या पुढे एका गावात राहते. तिथे रेल्वे जात नाही आणि एस.टी.च्या हादऱ्यांना डॉक्टरांनी बंदी घातली होती. दर दोन महिन्यांनी तिकडे जायचे म्हणजे लांब पल्ल्याची डिझेल गाडी हवी, सीट आरामशीर हवी आणि रस्त्यात दगा देता कामा नये. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी पाहू लागलो.

मी इंजिन, मायलेज, टायर यांविषयी गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारत असे. पत्नीची तपासणीची पद्धत साधी होती. हिवाळा होता, बाजारात अवरेकाईचे ढीग लागले होते. आपल्या पावट्याच्या जातीच्या या शेंगा सोलत बसणे हे इथल्या घरांतले हिवाळ्याचे मुख्य काम. ती पिशवीभर शेंगा घेऊन विकाऊ गाडीत जाऊन बसे आणि सोलू लागे. "पाच मिनिटांत कुठलीही सीट गोडच बोलते," ती म्हणे. "अर्धा किलो होईपर्यंत कंबर गप्प राहिली तर पुढचं बोलू." कोरमंगलाच्या एका विक्रेत्याने हवालदिल होऊन मला बाजूला घेतले आणि विचारले, "सर, मॅडम रागावून बसल्यात का?"

सात गाड्या पाव किलोच्या आतच बाद झाल्या.

आठवी होसकोट्याला होती, एका निवृत्त प्राध्यापकांच्या अंगणात. ती इस्टेट प्रकारची होती. म्हणजे जिचे छप्पर डिकीपाशी खाली न उतरता थेट शेवटापर्यंत जाते अशी लांबलचक डिझेल गाडी. प्राध्यापकांनी पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची बिले फायलीत क्रमाने लावून ठेवली होती. त्यांना थोडे कमी ऐकू येत असे, त्यामुळे समोरच्यालाही येत नसावे अशा बेताने ते बोलत.

इंजिन पाहायला मी आमच्या मेकॅनिकला नेले होते. ते पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातले. आम्ही दोघेही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी बॉनेट उघडले, कान लावला, खाली सरपटत जाऊन पाहिले आणि हात पुसत म्हणाले, "गट्टी हाय सर इंजिन. अगदी मजबूत. आवाज स्वल्प हाय, पण डिझेल म्हटल्यावर तेवढा असायचाच. डोळे झाकून घ्या."

मागच्या सीटवर पत्नीचा किलो संपत आला होता. तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेली शांतता होती.

मी चक्कर मारायला गाडी बाहेर काढली. पुढे जाताना ती लोण्यासारखी गेली. मग मी आरशात पाहिले. मागची काच इतकी दूर होती की क्षणभर मला वाटले, दुसरीच कोणाची तरी गाडी आपल्या पाठोपाठ येते आहे. हे सगळे शेपूट आपल्या खांबामागे घालायचे आहे, या विचाराने मी आरसाच फिरवून ठेवला. परत आलो तर प्राध्यापक शेडपाशी उभे. "या सर, तुमच्याच हाताने आत लावा! बर्ली, बर्ली!" गाडी मागे घेणाऱ्याला 'येऊ द्या' म्हणून या शहरात सगळे असेच ओरडतात. मला अर्थातच एक महत्त्वाचा फोन आला. गाडी अण्णांनी लावली.

त्या संध्याकाळी मी पत्नीला सांगितले, "अण्णांशी बोलणं झालं. इंजिनात आतून काहीतरी आहे म्हणाले. तिथे समोर सांगायला त्यांना संकोच वाटला."

"अहो, समोर तर डोळे झाकून घ्या म्हणाले!"

"म्हणूनच तर. उघडे ठेवले असते तर दिसलं असतं, असं त्यांना सुचवायचं होतं."

तिने फोन हातात घेतला. मग म्हणाली, "त्या सरांना सांगायला हवं. बिचारे स्वतः चालवतात." आणि मी अडवायच्या आत तिने त्यांना फोन करून ते सांगितलेही. खरे सांगायचे तर मी अडवणारही नव्हतो. लबाडी एकदा दुसऱ्याच्या तोंडून निघाली की आपल्याला थोडी खरी वाटू लागते.

त्यानंतर मी एक आखूड गाडी घेतली. तिचे शेपूट नजरेच्या टप्प्यात असे. तिच्या सीटवर पत्नीने तीन उशा, एक लोड आणि घडी केलेली सोलापुरी चादर यांचे नाना प्रयोग केले. तासाभराने तिला उतरावे लागे आणि महामार्गाच्या कडेने फेऱ्या घालाव्या लागत. "मी बेळगावला चालतच जाते," ती आईला फोनवर म्हणाली, "मधेमधे यांची गाडी लागते, इतकंच." मी हसलो. हसण्याचा मला अधिकार नव्हता.

दोन वर्षे अशी गेली. मग डॉक्टरांनी त्या गाडीतून लांबचा प्रवास बंद केला, आणि त्याच सुमारास तिची आई न्हाणीघरात पडली. हाड मोडले नव्हते, पण म्हातारी खचली होती. "येते गं, बघते काहीतरी," एवढेच पत्नी रोज फोनवर म्हणे, आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसे.

एका सकाळी ती म्हणाली, "अहो, त्या होसकोट्याच्या सरांची गाडी विकली गेली असेल का?"

"तिचं इंजिन..." मी सुरुवात केली.

"इंजिन दुरुस्त करता येतं. तशी सीट कुठे मिळते?"

तिनेच फोन लावला. गाडी तिथेच होती. तिने अण्णांनाही बोलावून घेतले आणि त्याच रविवारी आम्ही टॅक्सीने निघालो. मी पुढे, ते दोघे मागे. टॅक्सी रिंग रोड सोडते न सोडते तोच पाठीमागून प्रश्न आला.

"अण्णा, त्या वेळी इंजिनात नेमकं काय होतं हो?"

मी मान वळवली नाही. पण माझ्या लाल झालेल्या कानांवरून अण्णांना सगळे कळले असावे.

"होतं अक्का," ते सावकाश म्हणाले. "स्वल्प होतं."

"पण काय?"

"आतल्या बाजूला. बाहेरून कळत नाही ते."

माझ्यासाठी त्या सज्जन माणसाने स्वतःच्या विद्येला बट्टा लावून घेतला. तिथेच बोलायला हवे होते. मी ड्रायव्हरला एसी कमी करायला सांगितला.

अंगणात प्राध्यापक फाईल घेऊनच उभे होते. आता ती दुप्पट जाड झाली होती. "तुमच्या मिसेसचा फोन आला तेव्हापासून मला चैन नाही," ते कन्नड-इंग्रजीत गरजले. "दोन गॅरेजमध्ये इंजिन उघडून घेतलं. दोघेही म्हणतात, काही नाही. दोघांनाही सापडत नाही, म्हणजे दोष किती खोल असेल, विचार करा!"

"मग विकली का नाही?" मी क्षीण स्वरात विचारले.

"गिऱ्हाइकाला सांगायला नको? पाच जण आले, पाचही जणांना सांगितलं. सगळे गेले. उद्या भंगारवाला येतोय."

"भंगारवाला?" पत्नी म्हणाली. बोलता बोलता ती त्या मागच्या सीटवर जाऊन बसली होती. "सर, आम्ही घेतो ना. आहे तशी."

"नाही अम्मा. तुमच्या पाठीचं तुम्ही मला सांगितलंय. घाटात बंद पडली तर? ते पाप मी घेणार नाही."

तिने सीटच्या पाठीवर डोके टेकले आणि डोळे मिटले. उठायची तिची इच्छा नव्हती, हे मला दिसत होते. मग तशीच, डोळे न उघडता म्हणाली, "अण्णा, तुम्हीच समजवा त्यांना. तो दोष काढता येईल की नाही?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. या खेपेस त्यांनी मला वाचवले नाही. "ते आता सरच सांगतील," ते म्हणाले.

"दोष नव्हताच," मी म्हणालो.

प्राध्यापकांनी कानामागे हात धरला. "जोरात बोला सर!"

मी आयुष्यात कधी मोठ्याने बोललेलो नाही. कार्यालयातल्या बैठकीतही माझ्यासमोर माईक सरकवावा लागतो. पण त्या अंगणात मी शेजारच्या गच्चीवरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत बोललो, आणि अण्णा माझे एकेक वाक्य तितक्याच मोठ्याने कन्नडमध्ये सांगत गेले. "इंजिनात काहीही दोष नव्हता! अण्णांनी गाडी पास केली होती! मला रिव्हर्स घेता येत नाही, एवढी लांब गाडी तर मुळीच नाही, म्हणून मी खोटं बोललो!"

पत्नीने डोळे उघडले होते. "म्हणजे ते फोन?" तिने विचारले.

"एकही आला नव्हता."

हे मात्र अण्णांनी भाषांतरित केले नाही.

मी प्राध्यापकांपुढे हात जोडले. "तप्पायितु सर, क्षमिसी." चुकलो, क्षमा करा, एवढे कन्नड मला येत होते. "अण्णा, मी तुमच्या नावावर खोटं खपवलं, तुमचीही माफी मागतो." मग मी गाडीच्या उघड्या दारापाशी गेलो. तिच्याशी बोलताना आवाज खाली आणावा असे वाटत होते, पण आणला नाही.

"दोन वर्षं तुझी कंबर माझ्यामुळे दुखली. तुझं आईकडे जाणं माझ्यामुळे थांबलं. मला सगळं माहीत होतं आणि तरी मी गप्प राहिलो. माझं चुकलं, मला माफ कर."