ओलं चिलखत

एकट्या माणसाकडे किस्से फार साठतात. संध्याकाळी खोलीवर ऐकायला कोणी नसतं, मग एकेक तसाच राहतो. नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरहून बेंगळुरूला आलो आणि पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका शेडमध्ये जुन्या पद्धतीची चामडी चिलखतं करायला लागलो. शेडमध्ये माणसं दोनच. मी आणि उस्ताद तुकोजी अण्णा, तिथल्याच जुन्या मराठी घरातले. माल जायचा विलायतेला, लुटुपुटुच्या लढाया खेळणाऱ्या हौशी लोकांकडे.

*

म्हशीचं चामडं गरम पाण्यात बुडवलं की आकसतं आणि वाळल्यावर लाकडासारखं कडक होतं. पाणी बोटाला सोसेल इतकंच हवं. पहिल्याच आठवड्यात मी उकळी आणली! छातीचा तुकडा पुरणपोळीएवढा झाला.

अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे! आता या मापाचा सैनिक तूच शोधून आण."

*

ओल्या चामड्याचा वास कपड्यांतून जात नाही. बस कितीही भरलेली असो, माझ्या शेजारची सीट रिकामी. सुरुवातीला मजा वाटायची. नंतर नाही वाटली.

*

एका गिऱ्हाइकाने फॅक्स केला, चिलखताची टेस्ट घेता का?

अण्णा म्हणाले, "बायको गेल्यापासून घरात भांडायला कोणी नाही रे. टेस्ट कोण घेणार?"

*

एसटीडी बूथवरून आईला सांगितलं, चिलखतं करतो.

"अगं बाई! लढाई कुणाशी?"

"रविवारशी," मी म्हणालो. ती हसली. मीही हसून घेतलं.

*

अण्णांचा एकुलता एक मुलगा सुरेश दुबईला असायचा. दोन वर्षांनी आला, तोही टॅक्सी दारात उभी ठेवून.

तो अण्णांना म्हणाला, "अप्पा, फ्लाइट आहे. पाचच मिनिटं!"

अण्णांनी नुकतंच पाण्यातून काढलेलं चिलखत सरळ त्याच्या अंगावर चढवलं आणि वाद्या आवळल्या. "स्वल्प हलू नको. वाळायच्या आत काढलं तर आकार बिघडतो."

सुरेश हात पसरून उभा राहिला. अण्णांनी आपला डबा उघडला आणि ते त्याला चित्रान्नाचे, म्हणजे लिंबूभाताचे, घास भरवायला लागले. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न देत होता.

सुरेशने मला विचारलं, "खरंच अंगावरच वाळवावं लागतं?"

आजवर प्रत्येक चिलखत आम्ही लाकडी धडावर वाळवलं होतं. ते धड माझ्या मागेच होतं. मी त्याच्यापुढे जरा रुंद होऊन उभा राहिलो.

"हो," मी म्हणालो. "दोन दिवस तरी."